हवामान स्टेशनचा ‘सोलर’ कुठं बसवलाय? आज उन्हात जाऊन बघा



ऑक्टोबर छाटणी बहुतेकांची उरकली. कुणाची बाग पोंग्यात आहे, कुणाची फुलोऱ्याकडे निघाली आहे. आता पाण्याचा हिशोब सुरू होईल आणि रोज सकाळी आपल्या ग्रुपवर बाष्पीभवनाचा आकडा येईल. त्याच आकड्याबद्दल आज थोडं लांबलचक लिहितोय. दुपारच्या जेवणानंतर निवांत वाचा. वाचून झालं की लगेच उठून स्टेशनपाशी जा, कारण हे काम उन्हातच करायचं आहे.

गेल्या दोन हंगामांत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःच्या पैशानं लहान हवामान स्टेशन घेतली. चांगलं केलं. या हंगामापासून कंपनीच्या दोन स्टेशनांबरोबर तुमच्याही स्टेशनचे आकडे पाणी-सल्ल्यात धरायचे, असं मागच्या बैठकीत ठरलं. म्हणजे तुमच्या मळ्यातल्या स्टेशनवर आता शेजारच्या पाच-दहा बागांचंही पाणी ठरणार. म्हणून आधी ते नीट बसलंय का हे बघायला हवं. पाऊस, तापमान, वारा यांचे सेन्सर बहुतेकांचे ठीक असतात. घोळ होतो तो उन्हाच्या सेन्सरचा.

*आधी आमचीच चूक सांगतो*

दोन वर्षांपूर्वी कंपनीचं एक स्टेशन आम्ही पॅकहाउसच्या आवारात बसवलं. जून महिना होता. जागा मोकळी, कुंपण आहे, वॉचमन आहे, वायफाय मिळतं. इमारतीपासून पस्तीस एक फूट लांब, ईशान्येच्या अंगाला. दिवसभर उभं राहून पाहिलं, सावली कुठंच नाही. आम्ही खूश.

डिसेंबरात एका सभासदाचा फोन आला. म्हणाले, “साहेब, तुमचा मेसेज पाणी कमी सांगतोय आणि माझे बोद कोरडे पडायला लागलेत. मी रोज मूठभर माती दाबून बघतो, वाफसा राहत नाही.” आम्ही त्यांना ड्रीपचे ड्रीपर तपासायला सांगितलं, फिल्टर धुवायला सांगितलं. त्यांनी सगळं केलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन. मग आमचा माणूस दुपारी स्टेशनपाशी गेला, तर साडेतीन वाजता पॅकहाउसची आणि वरच्या पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत थेट उन्हाच्या सेन्सरवर आलेली. पुढं मावळेपर्यंत सेन्सर सावलीत, आणि बागा मात्र उन्हात.

जूनमध्ये सावली नव्हती, ती डिसेंबरात कुठून आली? जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, त्यामुळे इमारतीची संध्याकाळची सावली आग्नेयेकडे जात होती. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि दुपार कलली की तो नैऋत्येला असतो. सावली ईशान्येला पडते, आणि आमचं स्टेशन नेमकं तिथंच होतं. त्यात टाकीचं टोक सेन्सरच्या पातळीपेक्षा वीस फूट उंच. डिसेंबरात साडेतीनला सूर्य क्षितिजाच्या वर साधारण २९ अंशांवर असतो, म्हणजे वीस फुटाची सावली छत्तीस फुटांपर्यंत जाते.

नुकसान किती? दिवसाच्या एकूण उन्हातला सात-आठ टक्के भाग सेन्सरला दिसतच नव्हता. बाष्पीभवनात तो फरक रोज पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. आकडा छोटा वाटतो. पण एक एकरावर १ मिमी पाणी म्हणजे जवळजवळ ४,००० लिटर. पिकाचा गुणांक वजा धरला तरी महिन्याला एकरी वीस हजार लिटरच्या आसपास पाणी आम्ही कमी सांगत होतो, आणि तेही मणी फुगवणीच्या ऐन दिवसांत. एवढ्यानं बाग वाळत नाही. पण फुगवणीत रोज थोडी थोडी ओढ बसली तर मण्याची साइज मागं राहते आणि ती पुढं पाणी वाढवून भरून निघत नाही. कुणाची साइज किती राहिली आणि त्यात आमच्या मेसेजचा वाटा किती, हे आज सांगता येणार नाही. चूक आमची होती, एवढं मात्र नक्की. स्टेशन जानेवारीत हलवलं.

त्या सभासदांनी माती मुठीत धरून बघायचं सोडलं नव्हतं म्हणून हे सापडलं. नाहीतर हंगाम तसाच गेला असता.

*सोलर म्हणजे कुठला सोलर?*

बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘सोलर’ म्हणतो आणि तिथंच निम्मा गोंधळ होतो. एक असतं सोलर पॅनेल, ती काळी-निळी काच. ती स्टेशनची बॅटरी चार्ज करते. ती दक्षिणेकडं तोंड करून तिरपीच लावायची. दुसरा असतो उन्हाचा सेन्सर. रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा गोल ठिपका किंवा छोटा काचेचा घुमट. याला पुस्तकात पायरॅनोमीटर म्हणतात. हा ऊन मोजतो. सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती वॅट ऊन पडतंय, ते तो सांगतो. म्हणून तो जमिनीसारखाच सपाट पाहिजे, आभाळाकडं तोंड करून.

मागच्या वर्षी एका मळ्यात फिटरनं सेन्सर पॅनेलसारखाच दक्षिणेकडं झुकवून घट्ट केला होता. विचारलं तर म्हणाला, “सोलर आहे ना, मग उन्हाकडं तोंड नको का?” त्याच्या परीनं बरोबरच होतं. पण असं केलं की हिवाळ्यात सेन्सर खोटं वाढीव ऊन दाखवतो. आपल्याकडं डिसेंबरात भर दुपारीही सूर्य डोक्यावर नसतो, क्षितिजापासून ४६-४७ अंशांवर असतो. तेव्हा सेन्सर नुसता ५ अंश दक्षिणेला कलला तरी दुपारचं थेट ऊन आठ टक्के जास्त मोजलं जातं. २० अंश कलला तर जवळजवळ पाव हिस्सा जास्त. मग मेसेज पाणी जास्त सांगणार. फुलोऱ्यात आणि पाणी उतरताना जास्त पाणी दिलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी की तोच ५ अंशाचा कल एप्रिलमध्ये फारसा जाणवतही नाही, कारण तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून खरड छाटणीच्या वेळी आकडे बरोबर होते, आताही असतील, असं धरून चालू नका.

बहुतेक स्टेशनवर लेव्हलचा छोटा बुडबुडा दिलेला असतो. तो गोलाच्या मध्ये आणा. बुडबुडा नसेल तर सेन्सरच्या पट्टीवर गवंड्याची लेव्हल बॉटल ठेवा, एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा दक्षिण-उत्तर. मोबाइलमधली लेव्हल पण चालते, फक्त आधी फोनचं कव्हर काढा. पावसाळ्यात माती भिजून पाइप कलतो, ट्रॅक्टरचा धक्का लागतो, म्हणून दरवर्षी छाटणीनंतर हे एकदा बघायचंच.

*जागा कशी बघायची*

सेन्सरला तुमच्या बागेला दिसतं तेच आभाळ दिसलं पाहिजे, हा खरा निकष. पश्चिमेला डोंगर आहे आणि पाच वाजता सूर्य त्यामागं जातो? जाऊ द्या. सावली सगळ्या बागेवर पडत असेल तर सेन्सर कमी दाखवतो ते बरोबरच आहे. पण शेवग्याची, विजेच्या खांबाची, कांदा चाळीच्या पत्र्याची सावली नुसत्या सेन्सरवर पडत असेल तर आकडा चुकला.

अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब असावं, हा सोपा हिशोब. उंची जमिनीपासून मोजायची नाही, सेन्सरच्या पातळीपासून वर मोजायची. सेन्सरपेक्षा दहा फूट उंच झाड असेल तर शंभर फूट लांब. मळ्यात एवढं अंतर दर वेळी मिळत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. मग निदान पूर्व ते पश्चिम हा दक्षिणेकडचा सगळा पट्टा आधी मोकळा करा, कारण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे आपल्या द्राक्षाच्या खऱ्या हंगामात, सूर्य त्याच पट्ट्यात फिरतो. ईशान्य आणि वायव्येकडचं झाड उन्हाळ्यात सकाळी-संध्याकाळी आडवं येईल. ते दुय्यम.

उत्तरेला काही असलं तरी चालतं, असं मात्र समजू नका. सेन्सरच्या उत्तरेला नवीन चकचकीत पत्रा किंवा चुना दिलेली भिंत असेल तर दक्षिणेकडचं ऊन तिच्यावरून परतून सेन्सरवर पडतं आणि आकडा फुगतो. सावली नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि इथंच फसतो.

आता स्टेशनची स्वतःची सावली. ही सगळ्यात जास्त विसरली जाते. वाऱ्याच्या वाट्या, दिशादर्शक, अँटिना, पक्षी बसू नये म्हणून लावलेल्या तारा, हे सगळं सेन्सरच्या आसपासच असतं. आपल्याकडं सेन्सर पाइपच्या दक्षिण बाजूला आडव्या पट्टीवर लावायचा, म्हणजे वर्षातला बराच काळ पाइपची सावली मागं पडते. पण आपण साधारण २० अक्षांशावर आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारी तो थोडा उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत उत्तरेकडच्या वाट्यांची सावली दक्षिणेच्या सेन्सरवर येऊ शकते. म्हणून जमत असेल तर सेन्सर बाकी सगळ्यांपेक्षा वर घ्या, मग दिशेची भानगडच उरत नाही.

दक्षिण शोधायला मोबाइलचं होकायंत्र लावाल, तर लोखंडी पाइप आणि मांडवाच्या अँगलपासून चांगलं लांब उभं राहून लावा. लोखंडाजवळ ते वाटेल ती दिशा दाखवतं. त्यापेक्षा सावली बरी. या दिवसांत दुपारी उभ्या काठीची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती बरोबर उत्तरेला असते. ती वेळ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली खरी दुपार १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास होते, डिसेंबरअखेर साधारण साडेबाराच्या पुढं, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर जवळजवळ १२.५० ला. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

उंचीचं विचाराल तर, सेन्सर मांडवाच्या वर पाहिजे, एवढंच. आणखी वर नेल्यानं ऊन वाढत नाही. पण जिथं शिडीशिवाय हात पोचत नाही तिथं वर्षभर कुणी पुसायला जात नाही, हाही अनुभव आहे. ज्यांनी बागेवर प्लास्टिक आच्छादन केलंय, त्यांनी स्टेशन प्लास्टिकखाली घेऊ नका. आपला हिशोब उघड्या आभाळाचा आहे, आच्छादनासाठी काय वजा करायचं ते आम्ही वेगळं कळवू.

*एकाच डोक्यात सगळं असेल तर*

कमी किमतीच्या स्टेशनमध्ये ऊन, तापमान, पाऊस, वारा सगळं एकाच डोक्यात असतं. इथं खरी ओढाताण होते. उन्हाला उंच मोकळी जागा हवी म्हणून बरेच जण ते घराच्या स्लॅबवर लावतात. ऊन बरोबर मोजलं जातं, पण स्लॅब तापतो आणि तापमान चुकतं. बागेत खाली लावलं तर तापमान बरोबर, पण कडेच्या शेवग्याची सावली. असं असेल तर आमचं मत सरळ आहे: स्लॅब सोडा, मळ्यातच झाडांपासून लांब मोकळ्या मातीवर किंवा गवतावर जागा शोधा. पाऊस आणि तापमान दुसऱ्याच्या शिवारातून उसनं घेता येत नाही. ऊन घेता येतं. आभाळ स्वच्छ असेल तर दोन किलोमीटरवरच्या उन्हात फारसा फरक नसतो. तुमच्या उन्हाच्या आकड्यात खोट राहिली तर तेवढा आकडा आम्ही शेजारच्या स्टेशनचा लावू शकतो.

ज्यांचा उन्हाचा सेन्सर वेगळा, वायरवर आहे, त्यांना हा प्रश्नच नाही. तेवढा सेन्सर स्लॅबवर न्या, बाकीचं मळ्यात राहू द्या.

काही स्वस्त स्टेशन उजेड लक्समध्ये मोजून त्याचे वॅट करतात, १ वॅटला साधारण १२० लक्स या हिशोबानं. अशा स्टेशनचा आकडा थोडा ढोबळ असतो. म्हणून ते फेकून देऊ नका, पण आम्हाला तसं कळवा.

*आलेख बघा, तो चुगली करतो*

जागा बरोबर आहे का, हे ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती तुमच्या मोबाइलमध्येच आहे. एखादा निरभ्र दिवस निवडा. आता पाऊस उघडलाय, असे दिवस भरपूर मिळतील. स्टेशनच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचा सौर विकिरणाचा आलेख उघडा. तो गुळगुळीत टेकडीसारखा दिसला पाहिजे. सूर्य उगवल्यावर चढत जाणारा, खऱ्या दुपारी टोकाला पोचणारा, संध्याकाळपर्यंत तसाच उतरणारा. नोव्हेंबरात स्वच्छ दुपारी टोक साधारण ७०० ते ८५० वॅटच्या दरम्यान यायला हवं. रात्री शून्य.

टेकडीत रोज एकाच वेळेला खड्डा पडत असेल तर ती सावली आहे. खड्डा रोज वेगळ्या वेळेला असेल तर ढग. टेकडीचं टोक खऱ्या दुपारच्या बरंच आधी, समजा साडेअकराला येत असेल तर सेन्सर पूर्वेला कललाय. दीडला येत असेल तर पश्चिमेला. म्हणूनच मघाशी खऱ्या दुपारची वेळ सांगितली. दक्षिणेचा कल मात्र आलेखात असा दिसत नाही, टेकडी नुसती उंच होते, त्यासाठी बुडबुडाच बघावा लागतो. आणि टेकडीचा आकार छान पण टोक महिन्याभरात हळूहळू खाली आलं असेल तर बहुतेक सेन्सर मळलाय.

एक गोष्ट बघून घाबरू नका. ढगाळ दिवशी मध्येच आकडा १,००० च्याही वर उडी मारतो. ढगाच्या कडेवरून परतलेलं ऊन थेट उन्हात मिळालं की तसं घडतं. सेन्सर बिघडलेला नसतो.

मळण्याबद्दल द्राक्षवाल्यांना वेगळं सांगावं लागतं. आपल्या फवारण्या किती, ब्लोअरचा झोत किती उंच जातो, हे तुम्ही जाणताच. गंधक आणि बोर्डोचा थर त्या पांढऱ्या ठिपक्यावर बसतो आणि दिसतही नाही, कारण ठिपका मुळातच पांढरा. वर कोतवाल पक्षी येऊन बसतो तो वेगळाच. पंधरा दिवसांतून एकदा आणि बोर्डोच्या फवारणीनंतर दर वेळी, स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसा. घासणी नको, थिनर नको, साबणाचा फेस नको. सूर्य मावळल्यावर पुसलं तर दिवसाच्या आकड्यातही गडबड होत नाही. फवारणीच्या वेळी पिशवी घालून झाकणारेही काही आहेत. झाका, पण पिशवी काढायची आठवण ठेवा. एकदा तीन दिवस एका गावात ऊन शून्य आलं होतं.

*आता काय पाठवायचं*

ज्यांच्याकडं स्टेशन आहे त्यांनी येत्या रविवारपर्यंत आम्हाला चार गोष्टी पाठवा. सेन्सरचा जवळून फोटो, त्यात बुडबुडा दिसला पाहिजे. सेन्सरपाशी उभं राहून चारी दिशांचे फोटो, कुठली दिशा ते लिहून. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता पडणाऱ्या सावल्यांचे फोटो. आणि एका निरभ्र दिवसाच्या आलेखाचा स्क्रीनशॉट. ज्या ताई-माईंना किंवा वडीलधाऱ्यांना हे जमणार नाही त्यांनी नुसता ग्रुपवर ‘स्टेशन’ एवढा शब्द टाकावा, आपला प्रक्षेत्र सहायक येऊन बघून जाईल.

तपासणी होईपर्यंत सभासदांच्या स्टेशनचे उन्हाचे आकडे सल्ल्यात धरणार नाही, कंपनीच्याच दोन स्टेशनवर काम चालवू. त्यातलं पॅकहाउसचं स्टेशन आता मागच्या मोकळ्या पट्टीत आहे. येत्या डिसेंबरात साडेतीन-चारला त्याच्यावर सावली येते का, हे आम्ही पुन्हा बघणार आहोत आणि फोटो इथंच टाकू. तुम्हाला आमच्या मेसेजपेक्षा बोदातली माती वेगळं सांगते असं वाटलं तर पहिल्याच दिवशी फोन करा. या वेळी फिल्टर धुवायला सांगून फोन ठेवणार नाही.

आणि फोटो काढताना स्वतःची सावली सेन्सरवर पडू देऊ नका. मागच्या वेळी अर्ध्या फोटोंत टोपीची सावली होती.